आस्तुरियास (उत्तर स्पेन): आई-बाबांना घेऊन जाता येतील अशा सोप्या पायवाटा सुचवा

मुग्धा_के

नमस्कार मंडळी. मी गेलं दीड वर्ष माद्रिदला आहे. जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून येतायत, महिनाभर राहणार. बार्सिलोना, तोलेदो, सेव्हिया वगैरे सगळे सांगतातच, पण बाबांना डोंगर बघायचाय. ते ६८ चे आहेत, तरुणपणी भरपूर ट्रेक केलेत, अजून रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात. आई ६४ ची, तिला चढ चालतो पण उताराला गुडघा बोलतो, आणि खाली दरी दिसली की ती तिथेच बसते.

ऑफिसमधले लोक म्हणतात उत्तरेला आस्तुरियासला जा, हिरवंगार आहे, पिकोस दे एउरोपा नावाचे डोंगर आहेत. नेटवर बघितलं तर प्रत्येक ट्रेकपुढे 'सोपा' लिहिलंय आणि फोटोत मात्र कड्यावर कोरलेली बिनकठड्याची वाट! कुणी स्वतः गेलं असेल तर सांगा ना. पाच-सहा दिवस आहेत, गाडी भाड्याने घेऊ शकते. आणि दोघंही शाकाहारी आहेत, तेही धरून सांगा.

ओविएदोकर

मुग्धा, मी नऊ वर्षं आस्तुरियासच्या राजधानीत, ओविएदोत राहतोय, माझे आई-बाबा तीनदा येऊन गेले, त्यामुळे हा प्रश्न अगदी जवळचा आहे. जरा लांब लिहितोय.

आधी एक गोष्ट. इथल्या पाटीवर 'सोपी' लिहिलेलं असतं ते अंतर आणि चढ बघून. पण दम लागणं वेगळं, गुडघे दुखणं वेगळं आणि खोली बघून पोटात गोळा येणं वेगळं, आणि तिसऱ्याचा हिशोब त्या पाटीत कुठेच नसतो. तुझ्या आईसाठी तोच महत्त्वाचा आहे. म्हणून मी घरच्यांना नेतो ते अशाच वाटांवर जिथे जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, आणि जिथे अर्ध्यातून वळलं तरी जे बघायला गेलो ते बघून झालेलं असतं. शेवटच्या टोकालाच सगळं बक्षीस ठेवलेल्या वाटेवर माणूस ओढत ओढत पुढे जातो आणि येताना त्याचे हाल होतात.

पहिल्या दिवशी सेंदा देल ओसो करा, म्हणजे अस्वलाची वाट. ओविएदोपासून अर्ध्या तासावर. ही पूर्वीची खाणीच्या रेल्वेची लाइन, कोळसा आणि लोखंड वाहून नेणारी छोटी गाडी धावायची, ती १९६३ ला बंद पडली, मग नव्वदच्या दशकात रूळ काढून चालायला आणि सायकलला रस्ता केला. गाडीचाच मार्ग असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीच, अंगणात फिरल्यासारखं. तुन्योनपासून एंत्रागोपर्यंत बावीसेक किलोमीटर आहे पण सगळं करायची गरज नाही. प्रोआसा गावाच्या आसपासचा चार-पाच किलोमीटरचा तुकडा घ्या, एका बाजूला नदी, डोक्यावर चुनखडीचे कडे, मध्ये छोटे बोगदे, आणि वाटेतच अस्वलांचं मोठं कुंपण लागतं. १९८९ मध्ये शिकाऱ्याने एका अस्वलीणीला मारलं, तिची दोन पिल्लं वाचली, पाका आणि तोला. त्यांना जंगलात सोडणं शक्य नव्हतं म्हणून इथे ठेवलं, आणि त्या दोघींमुळे इथल्या लोकांची अस्वलाकडे बघायची नजर बदलली असं इथले म्हातारे स्वतः सांगतात. तोला २०१८ मध्ये गेली तेव्हा पेपरमध्ये माणसासारखी बातमी आली होती. आज कांताब्रियन डोंगररांगेत तीनशेच्या वर अस्वलं आहेत, एकेकाळी ती जेमतेम काही डझन उरली होती.

सायकलवाल्यांकडे मात्र लक्ष ठेवा, विशेषतः बोगद्यात. आईला भिंतीच्या बाजूने चालू दे.

डोंगरवेडा_नाशिक

कारेस नदीच्या घळीतली वाट सोडून बाकी सगळं दुय्यम आहे. रुता देल कारेस कराच. मी २०१९ मध्ये पोन्सेबोस ते काइन आणि परत, एका दिवसात चोवीस किलोमीटर केलं, आयुष्यभर लक्षात राहील असा दिवस. वाट सपाट आहे, बाबा रोज पाच किलोमीटर चालतात म्हणजे आरामात करतील. सांधण व्हॅली आठवा, फक्त तुम्ही तळाला नसून मधल्या पट्टीवरून चालताय आणि नदी खाली पाताळात.

ओविएदोकर

डोंगरवेडा, कारेस सुंदरच आहे त्याबद्दल वाद नाही. पण मुग्धाने आईबद्दल काय लिहिलंय ते परत वाचा. पोन्सेबोसकडून सुरुवात केली की पहिले दोन-अडीच किलोमीटर सरळ चढ आहे, दगडगोट्यांचा, उन्हात, आणि संध्याकाळी दमलेल्या गुडघ्यांनी तोच उतरायचा. मधली वाट सपाट आहे हे खरं, रुंदी साधारण दीड मीटर, पण बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि एका बाजूला सरळ तुटलेला कडा. पाऊस पडून गेला की वरून दगड येतात, दरवर्षी अपघात होतात.

पण कारेसला जायचंच असेल तर एक उपाय आहे, उलट्या बाजूने जा. म्हणजे काइन गावातून, ते लेओन प्रांतात येतं. गाव संपलं की लगेच धरण, मग डोंगरात खोदलेले बोगदे, आत छताला हात लागतो, पाणी ठिबकत असतं, मध्येच खिडकीसारखी भोकं आणि त्यातून खाली हिरवीनिळी नदी. सगळ्यात चिंचोळी घळ तिथेच आहे आणि ती पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच बघून होते, दोन पूल ओलांडायचे, रेबेकोसचा आणि बोलिनचा, आणि मग परत. चढउतार नगण्य. आईला पूल ओलांडायचा नसेल तर बोगद्यापर्यंत जाऊन ती नदीकाठी बसू शकते, गावात खायला-प्यायला मिळतं.

ही वाट मुळात पर्यटकांसाठी नाहीच. १९१५ ते १९२१ मध्ये काइनहून पोन्सेबोसच्या वीजकेंद्राकडे पाणी नेणारा कालवा डोंगरातून खोदला, आणि त्या कालव्याच्या देखभालीला कामगारांना जाता यावं म्हणून पुढे १९४५ ते ५० मध्ये ही वाट कोरली. अजूनही चालताना बाजूला कालवा वाहताना दिसतो. ज्यांनी दोरावर लटकून सुरुंग लावले त्यातले काही परत आले नाहीत, ते लक्षात ठेवून मी तिथे चालतो.

एकच अडचण, पोसादा दे वाल्देओनहून काइनला उतरणारा रस्ता खूप अरुंद आणि तीव्र उताराचा आहे, समोरून गाडी आली तर मागे घ्यावी लागते. पिकोसच्या पायथ्याच्या कांगास दे ओनिस गावाहून दोन तास धरा. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर हा दिवस सोडून द्या, खरंच सांगतो.

सुलभाताई_को

मुग्धा बाळा, मी ७१ ची. मागच्या सप्टेंबरात मुलीबरोबर गेले होते, ती बिल्बाओला असते. मी सांगते ते आईला वाचून दाखव.

मी कोवादोंगाच्या तलावांना गेले होते. वर एनोल आणि एर्सिना असे दोन तलाव आहेत, हजार मीटरच्या वर. बसने वर नेतात, त्यामुळे चढाईचा प्रश्नच नाही. बुफेर्रेराला बस सोडते, तिथे जुन्या लोखंड-मँगनीजच्या खाणी आहेत, त्यातून पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलं की एर्सिना तलाव समोर. मी जी वाट केली ती दोन्ही तलावांना जोडणारी छोटी, तीनेक किलोमीटरची असेल, मी थांबत थांबत दोन तास घेतले. मोठा फेरा साधारण सहा किलोमीटरचा आहे, त्यात बीचच्या झाडांचं जंगल लागतं असं मुलगी सांगत होती, ती करून आली आणि मी तोवर गवतावर बसले.

ते बसणं मी विसरणार नाही. गाई चरत होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात घंटा, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. माझ्या माहेरी गुरं संध्याकाळी परत यायची तेव्हा आजी नुसत्या घंटेवरून कुठली गाय आली ते ओळखायची. इतक्या लांब येऊन तो आवाज ऐकला आणि मला भरूनच आलं. एक तांबूस गाय अगदी हातभर अंतरावर येऊन माझ्या पिशवीचा वास घेत उभी राहिली, तिच्या पापण्या पांढुरक्या होत्या.

खाली कोवादोंगाची गुहा आहे, त्यात देवीची मूर्ती, खालून धबधबा. आठव्या शतकात पेलायो नावाच्या सरदाराने तिथे लढाई जिंकली आणि तिथून त्यांच्या राज्याची सुरुवात झाली असं मानतात. डोंगरातली छोटी तुकडी आणि मोठं सैन्य, आपल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बूट चांगले घ्या. चुनखडीचा दगड हजारो लोकांनी चालून इतका गुळगुळीत झालाय की दव पडलं की शेवाळलेल्या कातळासारखा निसरतो. मी चपलेवर गेले नव्हते म्हणून बरं. आणि दोन काठ्या, एक नको, दोन. उताराला गुडघ्यावरचा भार खूप हलका होतो.

ओविएदोकर

सुलभाताई, किती छान लिहिलंत.

तलावांबद्दल दोन गोष्टी जोडतो. उन्हाळ्यात, ईस्टरला आणि गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्या वर सोडत नाहीत, कांगास दे ओनिस किंवा वाटेतल्या पार्किंगपासून बस घ्यावी लागते, तिकीट आधी ऑनलाइन काढा. वेळा आणि तारखा दरवर्षी बदलतात त्यामुळे जायच्या आठवड्यात तपासा. दुसरं म्हणजे धुकं. समुद्र इथून सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर आहे, तिथला ओलावा डोंगराला येऊन आपटतो आणि अर्ध्या तासात दहा फुटांवरचं दिसेनासं होतं. कॉर्नियोन, उर्रिएलेस आणि आंदारा असे पिकोसचे तीन भाग आहेत, त्यात हा पहिला समुद्राला सगळ्यात जवळ, त्यामुळे धुकंही सगळ्यात जास्त इथेच. सकाळी हॉटेलमधून तलावांचा वेबकॅम बघायचा आणि मगच निघायचं. कधीकधी उलटही होतं, खाली कांगासला भुरभुर पाऊस आणि वर लख्ख ऊन, ढगांचा समुद्र पायाखाली. त्या भुरभुर पावसाला इथे ओर्बायू म्हणतात. छत्रीत थांबत नाही, अंगावर बसतो, कळतही नाही आणि तासाभरात चिंब. आपल्या आंबोलीच्या धुक्यात चालल्यावर केस कसे भिजतात तसं.

आणि हे स्पेनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान बरं का, १९१८ चं. तेव्हा नाव कोवादोंगा होतं, १९९५ मध्ये वाढवून पिकोस दे एउरोपा केलं.

अवखळ_झरा

मी फक्त वाचत होते पण शाकाहारी मुद्द्यावर लिहायलाच हवं. आम्ही चौघं शाकाहारी गेलो होतो. फाबादा म्हणजे पांढऱ्या मोठ्या पावट्यासारख्या दाण्यांची उसळ, वास इतका छान येतो, पण त्यात चोरिसो आणि रक्ताची सॉसेज असतातच, ती काढून वाढतो म्हणाले तरी घेऊ नका कारण शिजवतानाच आत गेलेली असतात. नुसतं 'बिनमटणाचं' म्हणून चालत नाही, हॅमला तिथे बरेच जण मटणात धरत नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा: 'नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो', म्हणजे ना मांस, ना हॅम, ना मासे.

काय मिळतं तर तोर्तोस. मक्याच्या पिठाची छोटी जाड पुरी, तळलेली, वर अंडं किंवा काब्रालेस चीज. अंडं चालत नसेल तर नुसते तोर्तोस आणि चीज सांगा. माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेतल्यावर 'अगं ही तर मक्याची भाकरी, तेलातली' म्हणून दुसरी मागवली. काब्रालेस मात्र फार उग्र, गुहेत मुरवलेलं निळं चीज, थोडंसंच चाखा आणि त्याबरोबर मध किंवा सफरचंद घ्या. गोड म्हणून आर्रोस कोन लेचे, म्हणजे तांदळाची खीरच, तासन्‌तास आटवलेली, वर साखर जाळून कडक पापुद्रा.

स्वयंपाकघर दुपारी साडेतीन-चारला बंद होतं आणि रात्री साडेआठशिवाय उघडत नाही. आम्ही एकदा सव्वाचारला पोचलो, सकाळपासून चाललेलो, मुलं भुकेने रडकुंडीला, आणि मालकीणबाईंनी नाइलाजाने ब्रेड आणि टोमॅटो तेवढे दिले. थेपले, दशम्या, भाजके पोहे जवळ ठेवाच.

सह्यकडा

मुग्धा, बाबांच्या वतीने एक विचारतो, त्यांना खरा डोंगर बघायचाय ना? मग बुल्नेस. उर्रिएयु नावाचा सुळका, ज्याला बाहेरचे लोक नारान्हो दे बुल्नेस म्हणतात, २,५१९ मीटर, पश्चिमेची भिंत पाचशे मीटरहून जास्त. १९०४ च्या ऑगस्टमध्ये पेद्रो पिदाल हा जहागीरदार आणि ग्रेगोरिओ पेरेस हा काइनचा मेंढपाळ, दोघं पहिल्यांदा वर पोचले. मेंढपाळ अनवाणी चढला होता. पुढे याच पिदालने संसदेत राष्ट्रीय उद्यानांचा कायदा करून घेतला, १९१६ मध्ये.

बुल्नेस हे सुळक्याच्या पायथ्याकडचं गाव, तिथे आजही गाडीरस्ता नाही. २००१ पर्यंत चालत किंवा खेचरावरूनच जायचे, मग डोंगराच्या पोटातून दोन किलोमीटरच्या वर लांबीचा बोगदा काढून फ्युनिक्युलर (तारेने ओढली जाणारी रेल्वे) सुरू केली, सात-आठ मिनिटांत वर. तिकीट महाग आहे, जाऊन-येऊन वीस युरोच्या वर, पण आईंचे गुडघे वाचतात. बाबांना जमत असेल तर त्यांनी वर गाडीने जावं आणि खाली जुन्या वाटेने चालत यावं, चारेक किलोमीटर, चारशे मीटर उतार. गावातून जरा वर गेलं की एक ठिकाण आहे तिथून सुळका दिसतो, आभाळ मोकळं असेल तर.

आणि तेही नको असेल तर आरेनास दे काब्रालेसच्या अलीकडे पो गावाजवळ रस्त्याच्या कडेलाच एक मिरादोर (देखावा बघायची जागा) आहे, पोसो दे ला ओरासियोन. गाडीतून उतरून पन्नास पावलं. संध्याकाळी जा, दगड केशरी होतो.

मुग्धा_के

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं बारकाईने लिहाल असं वाटलं नव्हतं. बाबा बुल्नेसवर एकदम खूश आहेत, त्यांनी वहीत लिहून घेतलंय. आई सुलभाताईंची पोस्ट दोनदा ऐकून बसली आणि म्हणाली 'मला त्या गाईंकडे ने'.

समुद्राजवळ काही आहे का? आईला समुद्र आवडतो पण वाळूत चालता येत नाही.

ओविएदोकर

यानेसला जा. गावाला लागूनच पासेओ दे सान पेद्रो म्हणून कड्यावरची गवताची वाट आहे, अगदी सपाट, हिरवळ कापलेली, बसायला बाकं, आणि एका बाजूला उंच डोंगर तर दुसऱ्या बाजूला समुद्र. तासाभराचं काम. कडा आहे पण वाट इतकी रुंद आहे की आई आतल्या बाजूने आरामात चालेल.

दुसरं म्हणजे गुल्पियुरी, नावेस गावाजवळ. शेताच्या मधोमध वाळूचा छोटासा किनारा, समुद्र कुठे दिसतच नाही. चुनखडीच्या खालून भुयारातून पाणी येतं आणि भरती-ओहोटीला चढतं उतरतं. गाडी लावून मातीच्या रस्त्याने थोडंसंच चालायचं. भरतीच्या वेळी जा नाहीतर डबकं बघून निराश व्हाल.

आणि प्रियाचे बुफोन. समुद्राने कड्याला खालून पोखरलंय, वर जमिनीत भोकं पडलीत, लाट जोरात आली की भोकातून हवा आणि पाणी फुसकन वर येतं, लांबून बैलाने फुरफुरावं तसा आवाज. जूनमध्ये समुद्र शांत असतो त्यामुळे पाणी दिसणार नाही कदाचित, पण खाली कान दिला तर श्वास ऐकू येतो. समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी भोकांपासून लांब राहा, पाण्याबरोबर दगड उडतात.

एखादा दिवस उरला तर देस्फिलादेरो दे लास शानास ही घळ सुचवणार होतो पण नाही सुचवत, फोटो फार सुंदर दिसतात, लोक त्याला धाकटी कारेस म्हणतात आणि ती खरोखर तशीच आहे, म्हणजे बिनकठड्याची. बाबांनी एकट्याने करावी. शाना म्हणजे इथल्या लोककथेतल्या झऱ्यावर राहणाऱ्या, लांब केसांच्या बायका, सोन्याच्या फणीने केस विंचरणाऱ्या. आपल्याकडे विहिरीवर साती आसरा असतात ना, मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच आठवल्या.

वाटांच्या खुणा समजून घ्या, बाबांना आवडेल: पांढरा-पिवळा पट्टा म्हणजे छोटी वाट, पांढरा-लाल म्हणजे लांबची, पांढरा-हिरवा म्हणजे गावाजवळची अगदी लहान. दोन पट्ट्यांची फुली असेल तर तिकडे जायचं नाही. काही झालं तर ११२.

केवडा

आमची मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत, त्यांना कारेस जमेल का? आणि आस्तुरियासमधल्याच सोमिएदो निसर्ग उद्यानाबद्दल कुणी लिहिलं नाही.

ओविएदोकर

केवडा, सहा वर्षांच्या मुलाला कारेसवर मी नेणार नाही. हात धरून चाललं तरी समोरून माणसं येतात तेव्हा एकाला कड्याच्या बाजूला व्हावं लागतं. आणि तिथल्या शेळ्या! पर्यटकांनी खायला घालून सवय लावलीय, पिशवी उघडली की अंगावर येतात, मूल दचकून मागे सरलं तर काय.

सोमिएदो मुलांसाठी उत्तम. वाये दे लागो गावापासून लागो देल वायेपर्यंत सहा किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, बहुतेक रुंद शेतरस्ताच, खोली कुठे नाही. वाटेत तेइतो दिसतात, गुराख्यांच्या दगडी झोपड्या, छप्पर झुडपांच्या काटक्यांचं शाकारलेलं. उन्हाळ्यात गुरं घेऊन वर आणि हिवाळ्यात खाली असं करणारे वाकेइरोस लोक तिथे राहायचे. तळ्यापर्यंत नाही गेलात, पहिल्या झोपड्यांपाशी डबा खाऊन वळलात तरी दिवस भरतो. सावली कमी आहे, टोप्या घ्या. गुरांबरोबर मोठे मास्तिन कुत्रे असतात, लांडग्यांसाठी ठेवलेले, कळपाच्या मधून जाऊ नका, वळसा घाला.

सह्यकडा

गाडी असेल आणि एक दिवस उरला तर शेजारच्या कांताब्रियात फुएन्ते दे ची केबल कार. १९६६ पासून आहे, साडेसातशे मीटर एका दमात वर, १,८२३ मीटरवर उतरवते. वर रुंद जीपरस्ता आहे, अर्धा तास चाललं तरी आजूबाजूला नुसते दगडांचे मनोरे. कानांत दडे बसतात, गोळी चघळायची. आलिवाच्या कुरणांतून खाली चालत येतात तो उतार मोठा आहे, आईंनी वरूनच परत यावं.

मुग्धा_के

आलो आम्ही परत! काल रात्री आई-बाबांना विमानात बसवलं. तुम्ही सगळ्यांनी इतकं सांगितलंत म्हणून वृत्तांत लिहिते.

माद्रिदहून ओविएदोला रेल्वेने गेलो, पाहारेसचा नवीन बोगदा झाल्यापासून सव्वातीन तासांत पोचतो. बोगद्याच्या अलीकडे पिवळं गवत आणि कोरडं ऊन, पलीकडे निघालो तर हिरवं आणि ढग. आई म्हणाली 'घाट उतरून कोकणात आलो'. अगदी तेच डोक्यात आलं होतं माझ्या.

अस्वलाची वाट सहा किलोमीटर केली, आईला कुठेच त्रास नाही. अस्वल दिसलं नाही, आई तरी कुंपणापाशी अर्धा तास उभी होती. वाटेतल्या गावांत घरांपुढे ओर्रेओ असतात, धान्य ठेवायच्या लाकडी खोल्या, चार खांबांवर उचललेल्या. खांब आणि खोली यांच्या मध्ये एक चपटा गोल दगड, उंदीर वर चढू नये म्हणून. बाबांनी त्या दगडाच्या खालून हात फिरवून बघितला, किती वेळ, आणि मला म्हणाले आमच्या आजोळी कणगीखाली असं काही केलं असतं तर अर्धं भात वाचलं असतं.

तलावांच्या दिवशी ओविएदोकरांचं ऐकून वेबकॅम बघितला, स्वच्छ होता, म्हणून निघालो, आणि एर्सिनाला पोचलो तोवर वीस मिनिटांत सगळं पांढरं. समोरचा तलाव गेला. पुढे निघालेले लोकही दिसेनात. बाबा पुढे जाऊया म्हणत होते, त्यांना सहा किलोमीटरचा फेरा करायचा होता. मी जरा ठाम झाले, नाही म्हटलं. मग आम्ही तिथेच दगडावर बसून दशमी खाल्ली. आणि तेव्हा सुलभाताई, घंटा ऐकू आल्या. दिसत काहीच नव्हतं, नुसता आवाज, आधी डावीकडे, मग मागे, मग एकदम जवळ, आणि धुक्यातून एक ओलं नाक बाहेर आलं. आई हसायलाच लागली. तिने त्या गाईच्या कपाळावर हात ठेवला आणि गाय उभी राहिली. बाबा नंतर म्हणाले फेऱ्यापेक्षा हे बरं झालं, आणि ते तसं सहसा म्हणत नाहीत.

बुल्नेसला बाबा खाली एकटे चालत आले, दोन तास लागले, मी खाली घड्याळ बघत उभी. घाम पुसत आले आणि पहिलं वाक्य, 'पायऱ्या चांगल्या बांधल्यात, जुन्या आहेत'. सुळका दिसला नाही, ढगात होता. पण संध्याकाळी पो गावाच्या त्या मिरादोरला थांबलो, सव्वानऊ वाजले होते, अजून उजेड होता. पाच मिनिटं ढग बाजूला झाला. बाबांनी फोटो काढला नाही, टोपी काढून हातात धरली.

काइन आम्ही सोडलं. तो रस्ता मी युट्यूबवर बघितला आणि माझी तयारी नव्हती.

यानेस आईचा सगळ्यात आवडता दिवस. गुल्पियुरीला भरतीची वेळ साधली.

डोंगरवेडा_नाशिक

मुग्धा, वाचून छान वाटलं. मी वर 'आरामात करतील' असं लिहिलं होतं ते घाईत लिहिलं होतं, मला आईंचा विचार करायला हवा होता. काइनच्या बाजूने जाता येतं हे मलाही नवीनच कळलं, पुढच्या वर्षी माझ्या वडिलांना तिकडून नेईन.

सुलभाताई_को

आईला सांग, त्या गाईच्या पापण्या कशा होत्या ते मला कळव.

मुग्धा_के

विचारलं आत्ता फोनवर. पांढुरक्या. आणि ओल्या, धुक्याने थेंब लागले होते म्हणाली.

केवडा

आम्ही ऑगस्टच्या शेवटी सोमिएदोला जातोय. ओविएदोकर, वाये दे लागोला गाडी लावायला जागा कितपत असते?

ओविएदोकर

गावाच्या अलीकडे पार्किंग आहे, पण ऑगस्टमध्ये दहाच्या आत पोचा. पाण्याच्या बाटल्या गावातच भरून घ्या, आणि पोला दे सोमिएदोहून वर येताना वळणं खूप आहेत, मुलांना गाडी लागत असेल तर नाश्ता वर गेल्यावरच द्या.